खूण केलेली चिठ्ठी

मंडळी, पत्त्याला दोन बाजू असतात. एका बाजूवर राजा, राणी, गुलाम, सत्ती, अठ्ठी असं काहीतरी असतं. दुसऱ्या बाजूवर बावन्नच्या बावन्न पत्त्यांना एकच नक्षी असते. पत्ते हातात आले की आपलं सगळं लक्ष पहिल्या बाजूकडे जातं. काय आलं, किती आलं, हुकूम आहे की नाही, हे बघायची घाई असते. पण खेळ टिकतो तो दुसऱ्या बाजूवर. सगळ्यांची पाठ सारखी आहे, पाठीवरून कुणाला ओळखता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारा डाव उभा असतो.

आज मी अशाच काही खेळांबद्दल बोलणार आहे. आपण कोण आहोत हे लपवायचं, समोरचा कोण आहे हे ओळखायचं, आणि दरम्यान खुशाल हूल द्यायची, असे हे खेळ. इंग्रजीत याला ब्लफ म्हणतात. आपल्याकडे हूल आहे, थाप आहे, बतावणी आहे, सोंग आहे. शब्दांची ही श्रीमंती पाहिली की वाटतं, या विद्येत आपण कुणापेक्षा मागे नसावं.

यातला सगळ्यात साधा खेळ तुम्ही सगळ्यांनी खेळला असेल. त्याला पत्तेही लागत नाहीत. वहीचं मागचं पान फाडायचं, त्याचे चार सारखे तुकडे करायचे आणि एकेकावर लिहायचं: राजा, प्रधान, शिपाई, चोर. कुठे प्रधानाऐवजी वजीर असतो, कुठे राणी असते. आमच्या अकोल्यात, निदान आमच्या गल्लीत, प्रधान होता. चिठ्ठ्यांच्या घड्या घालायच्या, ओंजळीत खुळखुळवायच्या आणि जमिनीवर फेकायच्या. चौघांनी चार उचलायच्या. ज्याला राजा आला तो लगेच सांगतो, मी राजा. मग तो विचारतो, माझा प्रधान कोण? प्रधान हात वर करतो. राजा त्याला हुकूम देतो, चोर ओळख. उरलेल्या दोघांत एक शिपाई, एक चोर. प्रधानानं दोघांच्या तोंडाकडे बघायचं आणि बोट दाखवायचं. राजाला हजार गुण, प्रधानाला आठशे, शिपायाला पाचशे, चोराला भोपळा. प्रधान चुकला तर त्याचे आठशे चोराला. गुणांचा हिशेब गावोगाव थोडा वेगळा असतो, पण गाभा हाच.

भंडारदऱ्याकडून पाऊस उतरायला लागला की आमच्याकडे दिवसच्या दिवस घराबाहेर पडता येत नसे. प्रवरा गढूळ होऊन वाहायची, वीज गेलेली असायची, आणि ओसरीवर कंदिलाच्या उजेडात हा खेळ चालायचा. चार पोरांत एक महादेव कोळ्याचा, एक मराठ्याचा, एक मारवाड्याच्या दुकानातला आणि एक मी. खेळताना मी काही गोष्टी शिकलो, त्या नवख्यांसाठी सांगतो. एक, चिठ्ठी उघडताना सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचं असतं, चिठ्ठीकडे नाही. माणूस पकडला जातो तो पहिल्या क्षणाला. नंतर तो सावरतो. दोन, चोरानं शिपायासारखं ताठ बसायचं नसतं. शिपाई मुळात ताठ बसत नाही, त्याला गुण मिळालेले असतात आणि तो निवांत असतो. ताठ बसतो तो चोर. तीन, प्रधानानं घाई करायची नाही. गप्प बसून राहिलं की दोघांपैकी एकजण काहीतरी बोलतोच, आणि बोलतो तो बहुतेक वेळा चोर निघतो.

या खेळात कधी कधी लबाडीही चालायची. लबाडी म्हणजे हूल नव्हे. हूल तर खेळाचाच भाग आहे. लबाडी म्हणजे चोराच्या चिठ्ठीचा कोपरा हळूच दुमडून ठेवायचा. एका मुलानं ही युक्ती काढली आणि त्याच्या वाट्याला कधी चोर येईना. चिठ्ठ्या पडल्या की तो बाकीच्या तीनपैकी एक उचलायचा, शिवाय दुमडलेला कोपरा कुणाच्या हातात गेला तेही बघून ठेवायचा. प्रधान झाला की न चुकता बोट दाखवायचा. माझ्या खालाजान पलीकडे बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते पाहिलं. कुणालाही न रागावता त्यांनी चारही चिठ्ठ्या उचलल्या, चुलीत टाकल्या आणि म्हणाल्या, नव्या करा. झालेला डाव कुणी जिंकला, कुणी हरला, यावर एक शब्द नाही. चिठ्ठीवर खूण झाली म्हणजे त्या चिठ्ठीनं पुढे खेळायचंच नाही, एवढाच त्यांचा निवाडा.

आता या राजा-प्रधानांची थोडी वंशावळ पाहू. मी इतिहासाचा पंडित नाही, बी.ए.पर्यंत शिकलेला कवी आहे. पण शब्द कुठून आले हे शोधायची खोड कवीला असतेच.

आपल्याकडे आजच्या बावन्न पत्त्यांच्या आधी गंजिफा होता. पत्ते गोल, हातानं रंगवलेले. शब्द फारसी. बाबरानं आपल्या आठवणींत १५२७ साली लिहून ठेवलंय की त्यानं सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवला, कारण त्याला त्याची फार आवड होती. म्हणजे राज्य उभं करण्याच्या धामधुमीतही बादशाहाला मित्रासाठी पत्ते पाठवायचं सुचत होतं. पुढे अकबराच्या काळात अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचं सविस्तर वर्णन केलं. त्यात बारा राजांचा एक जुना संच आहे: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती आणि असे आणखी. नावं पाहा, सगळी संस्कृत. खेळाचं नाव फारसी, राजांची नावं संस्कृत आणि लिहून ठेवणारा आग्र्याच्या दरबारातला.

मुघलांच्या प्रचलित संचात आठ रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण शहाण्णव. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, सफेद म्हणजे रुप्याचं नाणं, सुर्ख म्हणजे सोन्याचं. त्यात एका रंगाचं नाव गुलाम. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एकपासून दहापर्यंतचे आकडे. हाच खेळ दक्षिणेत आणि कोकणात आला तेव्हा त्यानं दशावतारांचं रूप घेतलं. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण एकशेवीस. राजाच्या जागी खुद्द अवतार, त्याच्या खालोखाल प्रधान. सावंतवाडीत चितारी मंडळी हे पत्ते करत. ही कला संपायला आली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू करून तिला पुन्हा उभं केलं. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण सावंतवाडीचा गंजिफा त्यांच्यामुळे राहिला.

गंजिफ्यात हूल फारशी नाही. तो स्मरणशक्तीचा खेळ आहे. कोणते पत्ते पडून गेले आणि कोणते अजून हातांत लपलेत, याचा हिशेब ठेवायचा. पण दोन गोष्टी मला आमच्या चिठ्ठ्यांची आठवण करून देतात. पहिली, दशावतारी गंजिफ्यात दिवसा डाव सुरू करतो तो ज्याच्या हातात राम आहे तो, आणि रात्री ज्याच्या हातात कृष्ण आहे तो. म्हणजे बाकी सगळे दडून बसलेले असताना राजानं आधी स्वतःला उघडं करायचं. आमच्या खेळातही तेच, मी राजा. हा त्या खेळातून निघाला असा माझा दावा नाही, पण दोन्हीकडे सत्तेला लपून बसायची सवलत नाही, हे मला आवडतं. दुसरी गोष्ट पाठीची. समोरच्या बाजूवर चिताऱ्यानं कितीही कलाकुसर केली, तरी खेळायच्या संचाची पाठ एका रंगाची आणि साधी असावी लागते. एका पत्त्याच्या पाठीवर ओरखडा गेला की एकशेवीस पत्त्यांची मेहनत वाया. चित्र कितीही देखणं असलं तरी पत्ता ओळखू आला, आणि ओळखू आलेल्या पत्त्याशी कुणी खेळत नाही.

पुढे युरोपातून बावन्न पत्त्यांचा जोड आला आणि गंजिफा मागे पडला. पण भाषेनं जुनी माणसं नव्या पत्त्यांत नेऊन बसवली. एका अख्ख्या रंगाचं नाव असलेला गुलाम राणीच्या हाताखालचा एक पत्ता झाला. हुकूम हा शब्द अरबी, बदाम फारसी, चौकट आपली, राजा-राणी संस्कृतातले. मेंढीकोट खेळताना एका वाक्यात आपण तीन-चार दरबार फिरून येतो आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही.

या नव्या पत्त्यांबरोबर हुलीचे खेळ घराघरांत रुजले. गुलामचोर घ्या. जोडातून एक गुलाम बाजूला काढायचा. उरलेले सगळे पत्ते वाटायचे. प्रत्येकानं आपल्या हातातल्या सारख्या जोड्या खाली टाकायच्या. मग शेजाऱ्याच्या हातातला एक पत्ता पाठीवरून ओढायचा, जोडी जमली की टाकायची. तीन गुलामांपैकी एकाला जोडीदार मिळत नाही. तो शेवटी ज्याच्या हातात राहील तो गुलामचोर. तेवढा वेळ तो गुलाम हातोहात फिरत असतो. आत्ता तो कुणाकडे आहे हे एकालाच ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक असतं तो चेहरा दगडासारखा करून बसलेला असतो.

चॅलेंज हा त्याचा थोरला भाऊ. चार-सहा जणांत सगळे पत्ते वाटायचे. पहिल्यानं एक ते चार पत्ते पालथे टाकायचे आणि म्हणायचं, तीन सत्त्या. खरोखर सत्त्याच असतील असं नाही. पुढच्यानं एकतर आणखी सत्त्या म्हणून पत्ते टाकायचे, किंवा पास म्हणायचं, किंवा चॅलेंज. चॅलेंज झालं की ते पत्ते उलटायचे. थाप असेल तर सगळा ढीग थाप मारणाऱ्याच्या गळ्यात. खरं असेल तर ढीग चॅलेंज करणाऱ्याच्या गळ्यात. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. यात नवखा माणूस चेहऱ्यावर भरवसा ठेवतो आणि जुना माणूस मोजणीवर. जोडात सत्त्या चारच. माझ्या हातात दोन असतील आणि समोरचा तीन म्हणाला, तर त्याचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत असला तरी तो खोटंच बोलतोय. आणखी एक, थापाडा म्हणून नाव झालेल्या माणसानं मध्येच खरं बोलायला सुरुवात करावी. त्याच्यासारखा घातक खेळाडू नाही.

चॅलेंज करायला किंमत पडते, ही यातली खरी मेख. खोट्याला आव्हान द्यायचं तर आपण चुकलो तर काय, याची तयारी लागते. आपल्या इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण मन मानायला तयार नव्हतं. अशात उत्तरेकडचा एकजण मीच भाऊ म्हणत पुढे आला. त्याला कैदेत टाकलं, तरी अफवा मरेना. १७७६ साली तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला सामील होत गेले. लोक फसले म्हणावं, तर त्यांना फसायचंच होतं. आणि ज्यांना संशय होता त्यांना चॅलेंज म्हणायची भीती होती. खरा भाऊ निघाला तर? शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली, ओळख पटवली गेली आणि त्याच वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. पत्त्यांच्या डावात पालथे पत्ते उलटायला क्षणभर लागतो. इथे पंधरा वर्षं लागली.

सरकारलाही हे खेळ कधी निरुपद्रवी वाटले नाहीत. तीन पत्ती हा आपल्याकडचा हुलीचा सगळ्यात नावाजलेला खेळ. इंग्रजांच्या ब्रॅग या खेळाशी त्याचं जवळचं नातं सांगतात, आणि ब्रॅग म्हणजे बढाई मारणं. पैसा लावून चालणाऱ्या अड्ड्यांसाठी १८८७ साली मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आला. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. १९६८ साली रमीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायालयानं सांगितलं की रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्त्यांच्या खेळासारखा निव्वळ नशिबाचा नाही. तीन पत्तीचे शौकीन यावर अजून नाराज असतात. त्यांचं म्हणणं, पत्ता नशिबाचा असेल, पण काही न बघता ब्लाइंड खेळून समोरच्याचा घाम काढायला नशीब लागत नाही.

अलीकडे ही जुनी विद्या नव्या वेषात परत आलीय. १९८६च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉव्ह या विद्यार्थ्यानं माफिया नावाचा खेळ काढला. गटात काही गुप्त मारेकरी, बाकी साधे नागरिक. मारेकरी एकमेकांना ओळखतात, नागरिक कुणालाच ओळखत नाहीत. थोड्यांना सगळं ठाऊक, पुष्कळांना काहीच ठाऊक नाही, आणि चर्चा करून मतदानानं दोषी ठरवायचा. हा खेळ जगभर पसरला.

मग २०१२ साली रिकी ताहता यांनी केलेला एक छोटा खेळ आला, त्याचं नाव कू. फ्रेंच शब्द, अर्थ सत्तापालट. पुण्यात शिकणारी माझी भाची तो घेऊन आली आणि म्हणाली, "मामू, हा तुमच्यासाठीच आहे, यात खोटं बोलायचे गुण मिळतात." मी म्हटलं, "अगं, कवितेत बिनगुणांचंच बोलतो, इथे मिळत असतील तर बसतो."

खेळ असा. पत्ते फक्त पंधरा. पाच पात्रं, प्रत्येकाचे तीन पत्ते. दोन ते सहा खेळाडू. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे आणि दोन नाणी. आपले दोन पत्ते आपणच बघायचे. पाळी आली की एक काम करायचं. साधं काम म्हणजे एक नाणं घ्यायचं, त्याला कुणी अडवत नाही. दोनही घेता येतात, पण तिथे उमराव आडवा येऊ शकतो. बाकी कामं पात्रांची. उमराव असेल तर तीन नाणी घेतो. कप्तान दुसऱ्याची दोन नाणी हिसकावतो, आणि त्याला दुसरा कप्तान किंवा वकील अडवू शकतो. दरबारी वकील आपले पत्ते गड्डीतल्या दोन पत्त्यांशी ताडून बदलून घेतो. मारेकरी तीन नाणी मोजून कुणाचा तरी एक पत्ता उघडा पाडतो. आणि सरदारीण त्या मारेकऱ्याला अडवते. सात नाणी साठली की ती भरून थेट सत्तापालट, समोरच्याचा एक पत्ता गेलाच, त्याला अडवणूक नाही. दहा साठली तर सत्तापालट करावाच लागतो, पैसा दाबून बसता येत नाही. दोन्ही पत्ते उघडे पडले की माणूस बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

गंमत ही, की पत्ता हातात असायलाच हवा असं नाही. मी उमराव आहे म्हणायचं आणि तीन नाणी उचलायची. कुणी हरकत घेतली नाही तर तुम्ही उमराव. हरकत घेतली आणि थाप निघाली, तर तुमचा एक पत्ता उघडा. हरकत घेतली आणि तुम्ही खरंच उमराव निघालात, तर हरकत घेणाऱ्याचा पत्ता उघडा. आता पुढचा नियम नीट ऐका, कारण सगळा खेळ त्यात आहे. तुम्ही उमराव म्हणून दाखवलेला पत्ता परत गड्डीत घालून पिसायचा आणि त्याबदली नवा घ्यायचा. का? कारण एकदा तुम्ही कोण ते सगळ्यांना कळलं, की तुम्हाला पुढे खेळताच येणार नाही. ज्यानं खरं सिद्ध केलं, त्याला पुन्हा अनोळखी होण्याचा हक्क द्यायचा. हा नियम वाचला तेव्हा मला खालाजानची चूल आठवली.

कारण मंडळी, खेळाबाहेर हा हक्क सहज मिळत नाही. आमच्या अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे हे महादेव कोळी समाजातले. त्यांच्या घराण्यानं कंपनी सरकारच्या पोलिसात जमादारीही केली होती. पुढे सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध राघोजी उठले. सह्याद्रीच्या या कड्याकपारींत सरकारला ते सापडेनात. सरकारी कागदात ते दरोडेखोर, डोंगरातल्या माणसांसाठी आधार. एकच घर, आधी शिपायाची चिठ्ठी, मग चोराची. चिठ्ठी लिहिणारा हात मात्र सरकारचा. वेष बदलून, वारकऱ्यांच्या गर्दीत मिसळून राघोजी पंढरपुरापर्यंत गेले. तिथे २ जानेवारी १८४८ रोजी ते पकडले गेले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ही हूल कुणी हौसेनं दिली नव्हती. पकडला गेलेला डाव पुन्हा मांडायची सोयही नव्हती.

राघोजींनी निदान आपला डाव स्वतः मांडला होता. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८७१ साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला. त्याचं नावच गुन्हेगार जमातींचा कायदा. काही जमाती जन्मानंच गुन्हेगार आहेत असं त्यानं ठरवून टाकलं. आधी तो उत्तरेत होता, १९११ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. आपल्याकडे रामोशी, बेरड, कैकाडी, भामटा, पारधी अशा किती जमातींच्या माथी तो आला. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या, लोक त्याला सेटलमेंट म्हणत. तिथे जन्मलेल्या पोरानं काही उचललेलं नसे, पण चिठ्ठी उघडायच्या आधीच प्रधानाचं बोट त्याच्याकडे वळलेलं असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. पण दुमडलेला कोपरा कायदा रद्द करून सरळ होत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरही एका लेखकाला आपल्या पुस्तकाचं नाव म्हणून समाजानं मारलेली तीच हाक घ्यावी लागली.

मला स्वतःला एवढं सोसावं लागलं नाही, आणि त्याच्याशी बरोबरी करायचं काही कारणही नाही. पण कविसंमेलनात कविता झाली की कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, "तुम्ही इतकं छान मराठी कसं बोलता हो?" मी सांगतो, "अकोल्यात जन्मलो, आणखी कसं बोलणार?" माणूस चांगलाच असतो, दादही मनापासून दिलेली असते. फक्त त्यानं कविता ऐकण्याआधी पाठीवरचं नाव वाचलेलं असतं.

म्हणून हुलीचे खेळ मला मुलांना शिकवण्याजोगे वाटतात. पुष्कळ पालक म्हणतात, खोटं बोलायचा खेळ कशाला? मी म्हणतो, नीट बघा. या खेळात तीन गोष्टी पाळाव्या लागतात. ओळख चिठ्ठीनं ठरते, जन्मानं नाही. थाप चालते हे बसलेल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे कुणी फसवला जात नाही, फार तर हरतो. आणि शेवटी सगळे पत्ते उघडतात, पिसले जातात, मघाचा चोर आता राजा होतो. यातली एक गोष्ट जरी काढली, तरी त्याला खेळ म्हणता येत नाही. तिन्ही काढल्या तर १८७१चा कायदा तयार होतो.

आणि आणखी एक. या खेळात पोरांना संशय कसा घ्यायचा ते कळतं, आणि तो जपून कसा घ्यायचा तेही कळतं. बोट दाखवणारा चुकला तर किंमत त्याला पडते. प्रधानाचे आठशे जातात, चॅलेंज करणाऱ्याच्या गळ्यात ढीग पडतो, कूमध्ये आपला पत्ता उघडा होतो. नुसतं बोट दाखवून मोकळं होता येत नाही. बाहेरच्या जगात, विशेषतः मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांच्या या दिवसांत, बोट दाखवणं फुकट झालंय. कोण चोर, कोण परका, हे ठरवायला कुणाला आपला एक पत्ताही गमवावा लागत नाही.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत घरात चार पोरं जमली तर त्यांच्या हातातला मोबाइल तासभर बाजूला ठेवा. पंधरा पत्त्यांचा खेळ विकत आणायची गरज नाही. जाड कागदाचे सारखे तुकडे कापा, पाच नावं तीन-तीनदा लिहा, नाण्यांऐवजी चिंचोके घ्या. तेवढंही नको असेल तर चार चिठ्ठ्या पुरे. शाई कागदाच्या मागे उमटत नाही ना, एवढं बघा. मग त्यांना पोटभर थापा मारू द्या. पण खेळ चालू असताना चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यांवर लक्ष ठेवा. एखादा दुमडलेला दिसला तर कुणी दुमडला म्हणून चौकशी करत बसू नका. सगळ्या चिठ्ठ्या गोळा करा आणि नव्या करायला सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)